कळीच्या चुन्याची प्रवाळभिंत

माझा हात लवकर उठतो. धाकट्या भावंडांनी तो पोटभर खाल्लाय. "आज तरी आवर त्याला," असं बाबा त्या सकाळी म्हणाले, कारण बी.एड.चा माझा शेवटचा परीक्षेचा पाठ होता. बाबांच्या अंबरनाथच्या कंपनीला तेव्हा टाळं लागलं होतं. वांगणीच्या एका शाळेने मला जूनपासून जागा देऊ केली होती, पण बी.एड. पास झाले तरच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या घरची चूल त्या एका पाठावर येऊन ठेपली होती.

पाठ उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका मराठी शाळेत, आठवीच्या वर्गावर. चिठ्ठीत विषय निघाला, रोधक प्रवाळभित्ती. घ्या आता. प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि ते मी पाहिलेलं बाजारातल्या सोनाराच्या काचेआड, मंगळाच्या अंगठीत. आमच्या बौद्ध घरात मंगळ-शनीला थारा नव्हता, त्यामुळे तेही लांबूनच.

वाचून वाचून एवढं समजलं. प्रवाळ हा इवलासा जीव, तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या साठून त्याचा खडक होतो. तो किनाऱ्याला चिकटून असला तर अनुतट. किनाऱ्यापासून लांब, मधे शांत पाणी सोडून उभा असला तर रोधक, कारण लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतल्या पाण्याला धक्का लागत नाही. आमच्या प्राध्यापकांचा दंडक असा होता की हा अर्थ बाईंनी सांगायचा नाही, तो मुलांच्या तोंडून आला पाहिजे. त्यालाच मार्क.

म्हणून मी परातीत देखावा केला. एका बाजूला वाळलेल्या मातीचा किनारा, त्यावर पुठ्ठ्याची घरं. भिंतीसाठी पांढरा, खडबडीत दगड हवा होता. तो घरातच सापडला. जयंतीच्या आधी आमच्या चाळीत प्रत्येक घराला चुना लागायचा, त्यासाठी आईने डब्यात कळीच्या चुन्याचे खडे आणून ठेवले होते. प्रवाळही चुन्याचाच, मग यापेक्षा चांगलं काय मिळणार, असं मला वाटलं आणि स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश झाले. आई पालेगावला मावशीकडे गेली होती, विचारायला कोणी नव्हतं. दरवर्षी चुना भिजवताना ती आम्हा पोरांना घराबाहेर काढायची. का काढते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

वर्गात परीक्षक शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. चेहरा असा, की हसणं बहुतेक त्यांनी घरी ठेवलं असावं. मुलं परातीभोवती गोळा झाली. मी तांब्यातून निळीचं पाणी ओतलं, भिंतीच्या बाहेर काठोकाठ आणि आत थोडंसं.

"लाट बाहेरून आली तर आधी कुठे आपटेल?" मी विचारलं.

सगळे परातीकडे बघत होते. परीक्षकांचं पेन हललं. उत्तर येईना, वेळ चाललेला, आणि तेवढ्यात पुढच्या दोन वेण्यांच्या मुलीने एक खडा उचलायला हात घातला. आता ही माझी भिंत मोडणार. माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातावर फाडकन चापट मारली. सगळ्या वर्गाला ऐकू गेली.

परीक्षकांनी मान वर केली. मुलांना मारलं की पाठ बाद, हे आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. संपलं, मी मनात म्हटलं. बाबांना काय तोंड दाखवू?

आणि मग परात सूं सूं करायला लागली.

"बाई, ये तो उबल रहा है," मागून एक मुलगा म्हणाला.

"मागे व्हा, सगळे मागे व्हा!" मी परात आणि मुलांच्या मधे शिरले. एक खडा तडकून फुटला आणि कढत चुना माझ्या मनगटावर उडाला. वाफ निघत होती. भिंत विरघळून ढासळली, गढूळ पाणी किनाऱ्यावर चढलं आणि पुठ्ठ्याची घरं आडवी झाली.

परीक्षक पुढे आले. आधी माझं मनगट नळाखाली धरायला लावलं. मग त्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, "बाईंनी तुला मारलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात अजून लाल होता.

"नाही सर. बाईंनी हात आडवा घातला. त्यांना माहीत होतं ते फुटणार. नाहीतर मी भाजले असते."

परीक्षकांनी परातीकडे बोट केलं. "घरं कशाने पडली?"

"भिंत होती तोवर बाहेरचं पाणी बाहेरच होतं. तीच त्याला अडवत होती. म्हणून तिला रोधक म्हणत असतील."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी पास झाले. आईने फोडाला खोबरेल लावलं, मला नाही नाही ती नावं ठेवली आणि म्हणाली, "एवढी शिकलीस ते काय उपयोगाचं?" जूनमध्ये मी वांगणीला रुजू झाले आणि घरची चूल पेटती राहिली.

पुढे अनेक वर्षं मी हाच धडा शिकवला, फळ्यावर आकृती काढून. 'रोधक' लिहिताना मनगटावरचा पांढरा डाग समोर यायचा आणि मला माझीच लाज वाटायची. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळून फुटतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्या मुलीला वाचवायला हात घातला नव्हता, माझी परात वाचवायला मारलं होतं. हे तिला सांगायला मी त्या शाळेत परत कधी गेले नाही.