करवंटीसाठी मोकळी नळी

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं डॉक्टर म्हणतो. मी म्हणत नाही. पण आमच्या चिरंजीवांनी डॉक्टरचं ऐकलं आणि यंदा आंब्याच्या दिवसांत मुंबईहून आल्या आल्या जाहीर केलं की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. ज्याला फांदीवरचा आंबा दिसत नाही त्यानं बार काढू नये म्हणे. आमच्या मंडळींनीही मान डोलावली. चाळीस वर्षं मी आणलेले मासे खाल्ले, त्याची ही परतफेड.

बंदूक वडलांपासूनची आहे. बारा बोअरची दुनळी, शेतीच्या राखणीचा परवाना. पावसच्या वाटेवर आमची हापूसची कलमं आहेत. वानरं आली की मी हवेत एक बार काढतो आणि ती शेजाऱ्याच्या बागेत जातात. शेजाऱ्याकडे बंदूक नाही. एवढंच तिचं काम. पण ती गेली की त्या बागेत मी नुसता म्हातारा उरणार.

मी मुलाला म्हटलं, दिसतं की नाही ते बघून ठरव. हवेत करवंटी उडव. फुटली तर बंदूक घरात. नाही फुटली तर मी स्वतः ठाण्यात नेऊन देतो, आणि तोंडातून शब्द काढणार नाही. तो कबूल झाला. एकच बार, अशी अट मात्र घातली.

निवाडा करायला मेव्हणा आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईत एका बँकेच्या दारात उभी नोकरी बंदूक खांद्याला लावून काढली, त्यामुळे बंदुकीतलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. खरं तर त्याच्या नळीत कोळ्यांनी संसार थाटला असता तरी त्याला पत्ता लागला नसता.

दुनळीच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात. आमच्या डावीचं तोंड आतून जरा आवळलेलं आहे, त्याला चोक म्हणतात. त्यातून छर्रे गच्च जमावानं लांबवर जातात. उजवी मोकळी. तिच्यातले छर्रे बाहेर पडले की अक्षतांसारखे पसरतात.

"भावोजी, डावी नळी आणि चार नंबर," मेव्हणा म्हणाला. "जाडा छर्रा, लांबचा पल्ला. बघायलाच नको."

मी उजव्या नळीत सहा नंबरचं काडतूस सरकवलं. छर्ऱ्याचा नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो, आणि एका काडतुसात जास्त दाणे मावतात. मी मिसरूड फुटायच्या वयात होतो तेव्हा रानकोंबडा मारायला बंदी नव्हती. आता मारला तर तुरुंग, आणि ते बरंच आहे, पहाटे बागेत त्याचं आरवणं ऐकायला मिळतं. तो करवंदीच्या जाळीतून अगदी पायाखालून उठायचा. काय करायचं ते वीसेक पावलांच्या आत. तिथे चोकच्या नळीनं बार काढला तर एकतर साफ चुकायचा, नाहीतर रश्शात घालायला पिसंच उरायची. करवंटीही तेवढ्याच अंतरावरून उडणार होती. शिवाय ज्याला तिची कड जरा धुरकट दिसते त्यानं मोठं जाळं टाकावं, पण हे मेव्हण्याला सांगायचं कारण नव्हतं.

दुपार कलल्यावर आम्ही चौघं कातळावर गेलो. मुलगा करवंट्या घेऊन चिऱ्यांच्या गडग्याआड, त्या बुटक्या भिंतीमागे बसला. मी उभा राहिलो आणि पाहतो तर सूर्य थेट समोर. समुद्राकडून सगळा उजेड डोळ्यांत. करवंटी सोडा, मला गडगा दिसेना. जागा बदला म्हणालो असतो तर तिथेच हरलो असतो.

सूर्याच्या खाली, जरा उजवीकडे, एक मोठा फणस होता. मी बंदूक खाली ठेवली, हात जोडले आणि जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बार काढण्याआधी गाऱ्हाणं घालायची आमच्या घरची रीत आहे, ती कोण मोडणार? आणि गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायची कुणाची टाप नाही.

"हे बा राखणदारा म्हाराजा, या कातळावरच्या, त्या पाणंदीवरच्या..."

"व्हय म्हाराजा," मेव्हणा आणि बायको म्हणाली. गडग्याआडूनही आलं.

मग मी वडलांची आठवण काढली. प्रत्येक कलमाला फळ मागितलं, एकेक करून. शेजाऱ्याचं भलं मागितलं, त्याच्याकडच्या वानरांचंही. मेव्हण्याच्या गुडघ्यांसाठी मागणं घातलं. कुणी माझ्या डोळ्यांबद्दल वाईट बोललं असेल तर त्याला सुबुद्धी दे म्हटलं. त्याला गडग्याआडून 'व्हय म्हाराजा' जरा उशिरा आलं. मेव्हणा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. अखेर सूर्य फणसामागे गेला आणि कातळावर सावली पडली. मी गाऱ्हाणं आटोपलं, बंदूक उचलली आणि हाक दिली.

करवंटी उठली. मला एक काळा ठिपका दिसला. मी बार काढला.

तुकडे पडलेले सगळ्यांनी पाहिले. पण मेव्हणा म्हणाला की नेम चुकला, करवंटी कातळावर आपटून फुटली. मुलाला खात्री नव्हती. मलाही नव्हती, पण मी जोरात बोलत होतो.

तेवढ्यात बायको वाकली आणि गवतातून एक तुकडा उचलून आणला. त्यात पाच भोकं होती, बारीक, आरपार. तिनं तो भावाच्या नाकासमोर धरला.

"कातळ भोकं पाडतो काय रे?" तिनं विचारलं. मग मुलाकडे वळली. "बंदूक राहू दे घरात. आधी मी हो म्हटलं ते चुकलं. बंदूक गेली तर हे बागेत कशाला जातील? दिवसभर माझ्या चुलीशी बसतील आणि बांगडा कसा तळायचा ते मला शिकवतील."

कारण मला अजिबात पटलं नाही. बांगडा ती जरा जास्तच तळते, हे कुणीतरी सांगायला हवंच. पण मुलगा हसून करवंट्या गोळा करायला लागला होता. मी बंदूक खांद्यावर टाकली आणि सगळ्यांच्या पुढे बागेकडे चालू लागलो.