पांढऱ्या उंदराची काळी पाठ

घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मी. प्रयोगशाळेविषयी लिहितोय, हा आगाऊपणा माफ असावा. सांगलीला आम्ही नुकत्याच जन्मलेल्या पांढऱ्या उंदरांना काळ्या उंदराच्या पेशी टोचायचो. ते मोठे झाले की त्यांच्या पाठीवर काळ्या उंदराची कातडी लावायचो. शरीराची राखण करणाऱ्या त्यांच्या टी-पेशींनी ती परकी मानू नये, एवढीच आशा. ती रुजली, तर तिच्यावर काळे केस येणार होते. पण दरवेळी ती वाळून गळायची. सर थकून म्हणाले, "आता एकच उंदीर उरलाय. हाही फसला, तर काम बंद."

भातलावणीला मी गावी, मेढ्याला आलो. वाकून कंबर गेली होती, जीव मात्र पिंजऱ्यापाशीच. एका सकाळी एसटी थांबवून ओळखीचा कंडक्टर ओरडला,

"ए कालेजवाल्या, तुझ्या सरांचा निरोप हाय! पांढऱ्या उंदराच्या पाठीवर काळी केसं उगवली म्हनं. उंदराला केसं यायचीच की रं, त्यात काय सांगावा धाडायचा?"