राज्यपालांची तेलगिरणी

देवपूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन मी बाहेर पडले, तेव्हा धुळ्यात एकच चर्चा होती. दूरच्या एका राज्याचे राज्यपाल होऊन आमच्याकडचे एक जुने वकील परत आले होते आणि सत्तरीत त्यांनी शेंगदाणा तेलाची गिरणी काढली होती. "राजभवनात राहिलेला माणूस आता तेल विकणार?" लोक हसायचे. मला तिथेच तेल तपासायची नोकरी लागली.

सगळे त्यांना आबा म्हणत. गाडी थांबली, की कुणी दार उघडेल म्हणून ते क्षणभर बसून राहत. मग स्वतःशीच हसून उतरत. चहा गार मिळाला तर चिडतही.

साक्रीकडे आमचं तेल खपेना. आबा मला म्हणाले, "चल, विचारूनच येऊ."

बाजाराचा दिवस होता. दुकानदाराने त्यांना ओळखलं नाही. गिऱ्हाइकं आटपेपर्यंत आम्ही पोत्यांवर बसून राहिलो. हे कोण आहेत, ते मी सांगणार होते. आबांनी हातानेच थांबवलं.

अखेर दुकानदार वळला, तसं त्यांनी विचारलं, "भाऊ, आमनं तेल का बरं ठेवतस नही?"

"तेल बेस शे. पण डबा गळस. बठ्ठी फळी तेलकट व्हस." त्याने तेलाने माखलेली अख्खी फळी दाखवली.

परतताना आबा खुशीत होते. "राजभवनात मला कुणी 'नाही' म्हणायचंच नाही. मग चुकतंय कुठे, ते कळणार कसं?"

दिवाळी तोंडावर होती. मॅनेजर म्हणाले, "डब्यांचं सणानंतर बघू."

"सण त्या दुकानदाराच्याही घरी आहे," आबा म्हणाले.

त्यांनी दुकानादुकानांतून डबे परत आणवले आणि डबेवाल्याला बोलावून जोड पक्के करून घेतले. त्या दिवाळीत आमचं तेल बाजारात जवळजवळ नव्हतंच. नवे डबे घेऊन साक्रीला आबा स्वतः गेले. दुकानदाराने आधी थोडेच ठेवून घेतले. उन्हाळ्यापर्यंत मात्र तेल साक्रीच्याही पुढे, पिंपळनेरपर्यंत पोचलं होतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, ते पद मोठं की ही गिरणी?"

"तिथे मान होता, इथे काम आहे. खोटं कशाला बोलू, मला दोन्ही आवडलं."

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी गिरणीचा सगळा कारभार माझ्याकडे दिला. मी घाबरले. म्हटलं, "आबा, मला तेल तपासता येतं, धंदा कुठे येतो?"

"मला तरी कुठे येत होता?" ते म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.