तातडीची ओळ

तुमसरच्या बाजारातला आमचा कॉम्प्युटरवाला बसल्या बसल्या सारखा पाय हलवतो. समोरच्याचं वाक्य तोच पुरं करतो, आणि स्वतःचा चहा मात्र विसरतो. मेल पाठवायचा प्रोग्रामही त्याने स्वतःच जुळवला आहे.

बायको गेल्यावर तिने गोळा केलेली भाताच्या रोवणीची गाणी मी त्याच्याकडून नागपूरच्या एका प्रकाशकांना पाठवली. उत्तर येईना. फोन करायचा धीर नव्हता. नकार कानांनी ऐकायचा नव्हता. रोज दुकानात जात होतो.

“उत्तर येईन ना जी, सर! तुम्ही तं माह्यापेक्षा उतावीळ निघाले.”

परवा मात्र त्याने माझा चेहरा पाहिला आणि तपासायला माझ्याच पत्त्यावर एक मेल धाडला. तो स्पॅममध्ये पडला. प्रोग्राममधून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, त्याने आपल्या मनानेच एक ओळ घातली होती: ‘अत्यंत तातडीचे’. ती काढल्यावर मेल नीट आला.

“म्हंजे मीच अडवून राहिलो होतो,” तो गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला. त्याने गाणी पुन्हा पाठवली. “आता बिनघाईचं धाडलं, सर. पोचन.”

मग फोन उचलून तो एकेका गिऱ्हाइकाला सांगू लागला, “भाऊ, चूक माही आहे. तुमचा मेल पोचलाच नसन.” त्याचा पाय थांबला होता.

म्हणजे तिची गाणी अजून कोणी नाकारलीच नव्हती. वाट पाहणं आता कुठे सुरू होत होतं. बाकावर बसल्या बसल्या माझा पाय हलू लागला.