चार शब्दांचं नाव

मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाकडी पट्टी धरून वाचायच्या. एका ओळीखाली पट्टी ठेवायची, ओठ हलवत ती ओळ संपवायची, मग पट्टी खाली सरकवायची. पडद्यावर चरे पडतात म्हणून मॅनेजर कुरकुरायचा. "पडू देत," मॅडम म्हणायच्या, "ओळ सुटता कामा नये." आणि मला दम द्यायच्या, "नाव पूर्ण वाच रे. मग चहा पी."

बहारीनच्या मीना सलमान बंदरात, गोदामांच्या वरच्या मजल्यावर आमचं भाषांतराचं ऑफिस आहे. जहाजांचे कागद, यंत्रांची माहितीपुस्तकं असलं रुक्ष काम. वर्षातून एकदा मात्र एक जाडजूड अहवाल यायचा. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत निवडणुका कशा झाल्या, न्यायालयं कुणाचं ऐकतात, कुठली वर्तमानपत्रं बंद पडली, तुरुंगात कोण कोण आहे, असा तो अहवाल. तो इंग्रजीत करायचा. काम युरोपातल्या एका संस्थेचं, पण दोन कंपन्यांमधून घरंगळत आमच्याकडे यायचं, कारण आम्ही स्वस्त. स्पॅनिश येणाऱ्या एकट्या मॅडम. पुण्यात कॉलेजात शिकवायच्या, नवऱ्याला तुबलीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून बहारीनला आल्या. मी चिपळूणकडचा. पानं लावणं आणि तक्ते बसवणं हे माझं काम.

खरं सांगतो, मॅडमचा वैताग यायचा. एखाद्या पोलीस ठाण्यात पोरांना मारल्याचं त्या सरळ "मारहाण" असं लिहायच्या. मॅनेजर ते खोडून "अयोग्य वागणूक" करायचा. मॅडम पुन्हा "मारहाण" करायच्या. दिवसभर हा खेळ चालायचा आणि पान मला पाचपाचदा लावावं लागायचं. "मॅडम, यल्ला, चलो, खलास करो," मॅनेजर हात जोडायचा. "आधी त्यांना मारणं खलास करायला सांगा," इति मॅडम.

जेवतानाही तेच. कुठल्याशा राष्ट्राध्यक्षानं तिसऱ्यांदा खुर्चीत बसायला राज्यघटनाच बदलली, म्हणून त्या तावातावानं सांगू लागल्या की अख्खं टेबल डब्यात बघायचं.

"मॅडम, हळू."

"अरे, मी त्यांच्या देशाबद्दल बोलतेय!"

"तरी हळू."

तुम्ही बाहेर राहिला असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. व्हिसावरचा माणूस कुठल्याच देशाच्या राज्यकर्त्यांबद्दल मोठ्यानं बोलत नाही.

गेल्या वर्षी अहवाल आला तेव्हा मॅडमच्या सासूबाई आजारी होत्या. भाषांतर उरकून त्या पुण्याला रजेवर गेल्या. मागं राहिली शेवटची यादी, तुरुंगात असलेल्यांची. नावं चारचार शब्दांची आणि रकाना अरुंद. मी काय केलं? आपल्याकडे करतात तेच. पहिला शब्द ठेवला, शेवटचा ठेवला, मधले उडवले. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, शेवटी आडनाव. मधलं गेलं तरी माणूस ओळखू येतो. मग शेवटच्या शब्दावर यादी अकारविल्हे लावली आणि पाठवून दिली. मॅनेजरनं पाठ थोपटली.

तिकडे शेवटचा शब्द म्हणजे आईचं आडनाव. बापाचं आडनाव त्याच्या आधी येतं, आणि माणूस ओळखला जातो त्याच आडनावानं. मी नेमकं तेच उडवलं होतं.

मॅडम परत आल्या त्याच आठवड्यात एका बाईची मेल फिरत फिरत आमच्याकडे पोचली. तिचा मुलगा विद्यार्थ्यांच्या मोर्चातून उचलून नेलेला. सरकार म्हणत होतं, असा कुणी आमच्याकडे नाही. आधीच्या यादीत त्याचं नाव होतं, तोच तिचा आधार. नव्या यादीत ते तिला सापडलं नाही. सुटला असेल म्हणून ती दोन दिवस तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्याचे कपडे घेऊन बसली. मग तिनं विचारलं होतं, माझा मुलगा सुटलाय की मेलाय?

मॅडमनी मला ती मेल वाचून दाखवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅनेजर म्हणाला, फाइल बंद झाली, आता काही होणार नाही. संस्थेशी परस्पर बोलायची आम्हाला बंदी होती. शुक्रवारी मॅडमनी मला बुसैतीनला घरी बोलावलं. त्यांच्या यजमानांनी पोहे केले आणि आम्ही दोघांनी अख्खी यादी मूळ कागदांवरून पुन्हा लिहिली. सगळी नावं, सगळे शब्द. संध्याकाळी मॅडमनी ती थेट संस्थेला पाठवली. त्या आईला वेगळं माफीचं पत्र लिहिलं. खाली सही म्हणून पूर्ण नाव घातलं: आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव. "यात माझी आई कुठंच नाही बघ," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

चौकशी झालीच. मॅनेजरनं विचारलं, यादी कुणी बिघडवली? माझा व्हिसा कंपनीचा, पोरगी इथल्या शाळेत. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मी." मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी पट्टी पर्समध्ये टाकली आणि त्याच दिवशी नोकरी सोडून गेल्या. मला अजून त्याची लाज वाटते.

पुढे यजमानांचं कंत्राट संपलं आणि ते दोघं पुण्याला परतले. त्यानंतर त्या आईचं उत्तर ऑफिसला आलं. मी मोबाइलवर त्याचा अर्थ काढला आणि मॅडमना पाठवला. दुसऱ्या मिनिटाला फोन.

"कपडे घेतले म्हणतेय ना फाटकावर?"

"हो. सुधारलेली यादी दाखवली, तेव्हा पहारेकऱ्यांनी घेतले."

"म्हणजे आत आहे तो. जिवंत आहे." त्या रडत होत्या. मग एकदम चिडल्या. "आणि सोडणार कधी, मेले?"



यंदाच्या अहवालाचं भाषांतर यंत्रानंच केलं. मॅनेजर खूश आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय की त्या पोराच्या देशात परिस्थिती काहीशी सुधारली, देश एक पायरी वर चढला. शेवटच्या यादीत त्याचं नाव अजून आहे. अक्षर लहान करून मी चारही शब्द बसवले. बसवले आणि मोठ्यानं एक अस्सल मराठी शिवी हासडली. कुणाला कळली नाही. मॅडम असत्या तर त्यांना कळली असती, वर त्यांनी स्वतःची एक जोडली असती.

"क्या हुआ?" मॅनेजरनं काचेआडून विचारलं.

"कुछ नहीं, सर," मी म्हटलं आणि पुढचं पान लावायला घेतलं.