दोन पट्ट्यांची डिस्क

मामांच्या तिन्ही वह्या चुलीत गेल्या त्या माझ्याच शब्दावर. आधीच सांगून टाकते.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा काळ. सेलूला मी कॉम्प्युटर शिकवायचे. मशीन एकच, पण तोरा केवढा! रोहण्याचे माझे मामा स्वतःच्या शेतात संकरित कपाशीचं बी करायचे. ते दरसाल नव्यानं करावं लागतं, त्याच दोन वाणांच्या जोडीतून. घरात वाणांच्या बियांचे चाळीस डबे, पण त्यांवर नुसते नंबर होते. कोणत्या नंबराची जोडी कोणाशी, ते वह्यांत. मामांची आठवण तेव्हाच दगा द्यायला लागली होती.

महिनाभर बसून मी सगळं मशीनच्या हार्ड डिस्कमध्ये भरलं. "मामा, आता कागद कायले पायजे? सारं डिस्कमंदी हाये," म्हटलं. मामीनं वह्यांवर चूल पेटवली. फ्लॉपीवर एक प्रत काढायला कितीसा वेळ लागला असता? पण कंटाळा, दुसरं काय!

पुढच्या वर्षी नवं मशीन घेतलं. जुनं भंगारात दिलं, डिस्क तेवढी काढून ठेवली. शहाणीच ना मी! नव्या डिस्कला तारांची एकच रुंद पट्टी लागायची, कारण तिला चालवणारं सर्किट तिच्याच अंगावर होतं. जुनीला दोन पट्ट्या, एक हुकूम नेणारी, एक माहिती आणणारी, आणि दोन्ही मशीनमधल्या वेगळ्या कार्डात खोचलेल्या. नव्यात ती बसेचना. नागपूरहून तसलंच दोन पट्ट्यांचं कार्ड आणलं, पण दुसऱ्या कंपनीचं. पट्ट्या बसल्या, पण डिस्क काही वाचली जाईना.

कार्डाच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "दीदी, जिस कार्ड ने लिखा, वही पढ़ेगा. पुराना कार्ड कहाँ है?"

भंगारवाल्याकडे धावले. त्यानं कार्ड कधीच तोडून विकलं होतं.

पेरणीच्या तोंडावर रोहण्याला गेले. मामा डबे ओळीनं मांडून माझीच वाट बघत होते. मी डिस्क पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. आत सगळं आहे, फक्त बाहेर येत नाही, असं म्हटलं. माझी मान वर होईना.

मामांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हंजे हिचंबी माह्यासारखंच झालं का वं? हाये सारं, पन आठवत नाई."

मला रडू फुटलं, आणि तेच मला समजावत बसले. त्या वर्षी त्यांनी अंदाजानं दोन डबे जोडीचे म्हणून उघडले. ते चुकीचे होते.