बिनक्लचच्या गाडीचा पोचू

मूल गावच्या बाजारात पोचूशी न भांडलेला माणूस शोधायचा, तर परगावचाच शोधावा लागला असता. लाकडाचे ठेकेदार भैयाजी यांची लांबलचक अमेरिकन मोटार तो चालवायचा. तिला क्लच नव्हता, गिअर आपले आपणच पडायचे. अशी गाडी हाकणारा पंचक्रोशीत तो एकटाच. त्या सीटवर तो असा बसायचा, की पाहणाऱ्याला वाटावं भैयाजी याचे नोकर आहेत.

थंडी पडली आणि गाडी बिघडली. सकाळी मागे घ्यायला गिअरची दांडी ओढली की आधी काहीच नाही, मग खालून घण बसावा तसं खडाम! पुढे निघाली तर दर गिअरला हिसका. एकदा भैयाजींच्या पानाची पिचकारी त्यांच्याच धोतरावर पडली.

"तुया रानटी हातानं मोडली गाडी," भैयाजी कडाडले. "बाजाराच्या दिवसापर्यंत सुधरली नाई, तं चाबी ट्रकवाल्या अयूबले देतो. तू जाय बैलबंड्या हाकाले!"

गावात मिस्त्री एकच, नूर मोहम्मद. त्याच्याशी पोचूचं हाडवैर.

"काऊन आला बे?" नूर मोहम्मदनं विचारलं.

"गाडी दाखवाले. तुयं थोबाड पाहाले नाई."

"छोड के जा. सकाळी ठंडी गाडी पाहीन."

सकाळी गाडीनं दोघांसमोर खडाम केलं.

"दोपहर को करते का असं?"

"नाई. दुपारी मस्त चालते."

"मतलब सिर्फ सकाळी?"

"कानात बोळे कोंबले का तू?"

नूर मोहम्मदनं गिअरचं तेल मोजायची पट्टी उपसली. तिच्यावर पातळ लाल तेलाऐवजी तुपासारखा पिवळा गोळा. त्यानं वास घेतला.

"अबे, ये तो टोरी का तेल है! मोहाच्या बियांचं! किसने डाला?"

"मीच टाकलो. तेल कमी दिसलं. आमच्या बंडीच्या आसाले तेच लावतो, चाकं कधी कुरकुरले नाई."

नूर मोहम्मद टायरवर बसून पोट धरून हसला. "गधे, या गाडीत तेलच गिअर पाडते! थंडीत थिजलं, तं आधी अडते, मंग एकदम धक्का मारते. दोपहर को पिघलते, म्हणून चालते."

पोचूचं तोंड पडलं. तेवढ्यात समोरून भैयाजी येताना दिसले. नूर मोहम्मद कानाशी लागला, "कंपनीचा पुर्जा खराब होता, बोल दूँ? तू बस इतना बोल, उस्ताद, मेहरबानी. सबके सामने, जोर से."

पोचूनं सीटकडे पाहिलं. तिच्यावर अयूब बसलेला त्याला आतापासूनच दिसू लागला. शब्द दातांपर्यंत आला, आणि नूर मोहम्मदच्या मिशीतलं हसू पाहून परत घशात गेला.

"भैयाजी!" तो ओरडला. "मीच टाकलो टोरीचं तेल! मीच बिघडवलो! याची मेहरबानी मले नाई पायजे!"

भैयाजींनी नुसता हात पुढे केला. पोचूनं चाबी दिली.

दुपारी तेल बदललं. अयूब सीटवर बसला तसा पोचू रस्त्याच्या कडेनं गरजला, "हळू बे! दांडी हाये ते, म्हशीचं शेपूट नाई!"

अयूबनं दांडी ओढली. ना खडाम, ना हिसका. गाडी पाण्यावरून जावी तशी निघून गेली. ओरडायला काहीच उरलं नाही, तेव्हा पोचू नूर मोहम्मदकडे वळला.

"तू काय पाहून राह्यला बे माया तोंडाकडे?"